मामाचा नारळ आणि माझा ‘कट्टर’

आमच्या पेपरात चाहता कधी एकटा फिरत नाही. त्याच्यापुढे ‘कट्टर’ चालावाच लागतो. पूर्वी तिथे ‘निस्सीम’ असायचा. तो कधीतरी निवृत्त झाला आणि त्याची जागा ह्या दणकट गड्याने घेतली. एकाच दुकानात दोनदा मिसळ खाणारा मला दिसला, की झाला तो मिसळीचा कट्टर चाहता. सदर माझंच, दर सोमवारी एक कट्टर. मुंबईत इतके कट्टर आणायचे कुठून, हा प्रश्न मला दर शनिवारी पडतो.

त्या शनिवारी तो पडला तेव्हा मी भोईवाड्यात, मामाच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत उभा होतो. मी गिरगावात वाढलेला. कबड्डीतलं मला एवढंच कळतं, की मातीत पडलेला प्रत्येक जण बाद नसतो. समोर डिलाईल रोडच्या पाहुण्या संघाचे पाठीराखे बाकावर बसले होते आणि त्यांच्यात चक्क माझा मामा! डिलाईल रोडच्या पोराने झकास पकड केली की टाळ्याही वाजवत होता. आदल्या सामन्यालाही तिथेच होता. मी लांबूनच फोटो काढला. सख्ख्या मामाला विचारायचं काय?

सोमवारी मथळा आला: ‘घर भोईवाड्यात, काळीज डिलाईल रोडला’. खाली मामा, कट्टर चाहता म्हणून.

सकाळीच मामीचा फोन. “तुझ्या मामाने चहाला हात लावलेला नाही. येऊन बघ, काय करून ठेवलंयस ते.”

त्याच संध्याकाळी अंतिम सामना होता, तोही भोईवाडा विरुद्ध डिलाईल रोड. अंतिम सामन्याआधी मैदानात नारळ वाढवायचा मान मंडळाचा सर्वांत जुना खेळाडू म्हणून दरवर्षी मामाचा. आणि मंडळाच्या सेक्रेटरीने निरोप धाडला होता, की काकांनी, म्हणजे मामाने, यंदा त्रास घेऊ नये.

मी ऑफिसला फोन लावला. आमचे वृत्तसंपादक म्हणाले, “नाव चुकलं तर दुरुस्ती छापतो, वय चुकलं तरी छापतो. कट्टर कमी करून काय छापू? ‘सदर गृहस्थ साधे चाहते आहेत’?”

मग मामाला घेऊन मीच मंडळात गेलो. मामाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, नारळाच्या दिवशीचा.

“काका, पेपरात आलंय,” सेक्रेटरी मामाकडे न बघता म्हणाला.

“पेपरात ह्येनी लिवल्यान,” मामाने माझ्याकडे हनुवटी उडवली. “ह्येका इचार.”

“काय रे, कट्टर म्हणजे कोण तुमच्यात?”

“आमच्यात…” मी म्हणालो. “एकाच जागी दोनदा दिसला की कट्टर.”

“मग बँकेचा वॉचमन बँकेचा कट्टर चाहता!” मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, सेक्रेटरी हसला नाही.

“पण काका, तुम्ही त्यांच्यात बसता ते खरं ना?”

मामाने कंबरेवर हात ठेवला. “आपल्या बाजूक नुसतो कट्टो. पाठ टेकूचो बाक तुमी पावण्यांका दिलास. माझी कंबार धरता. म्हणान थंय बसतंय.”

“आणि टाळ्या?”

“पकड बरी केल्यार काय गाळी घालू?”

सेक्रेटरीने कोपऱ्यातल्या पिशवीतून नारळ काढला, शेंडी नीट केली आणि मामाच्या हातात दिला.

संध्याकाळी मामाने एका फटक्यात नारळ वाढवला, पाणी मैदानावर शिंपडलं आणि सवयीने समोरच्या बाकाकडे निघाला. तेवढ्यात मंडळाच्या दोघांनी ऑफिसातली हातांची खुर्ची उचलून आणली आणि भोईवाड्याच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढे ठेवली. वर उशीही. मामा आधी तिच्याकडे बघत राहिला, मग हळूच टेकला.

“इतकी वर्सां ही खुर्ची खंय होती रे?”

मी शेजारीच उभा होतो, कारण बसायला मला कोणीच काही दिलं नव्हतं. मामाने मान वर केली.

“आता लिव. खुर्चेचो कट्टर चाहतो.”