पदराची गाठ

"काकू, या गाठी कशाच्या?" डॉक्टरांनी विचारलं आणि माझी चोरी पकडली गेली.

त्यांनी लक्षात ठेवायला तीन शब्द दिले होते. त्या लिहायला वाकल्या तशी मी टेबलाखाली पदराला तीन गाठी मारल्या. जन्मभर शाळेत कॉप्या पकडल्या आणि साठी उलटल्यावर स्वतःच केली! गाठी तीनही होत्या. शब्द एकच आठवला, लिंबू.

"माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट," त्या म्हणाल्या. म्हणजे वयाच्या मानाने विसर जरा जास्त, पण डिमेन्शिया नव्हे. "वाढेल का?" मी विचारलं. "सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

द्वारका चौकाजवळच्या त्या दवाखान्यात मुलाने मला आणलं, त्याला कारण होतं. मधुमेहाने ह्यांची नजर गेली आहे. रोज सकाळी इन्सुलिन मीच टोचते. एक दिवस सुई घेऊन गेले, तर हे म्हणाले, "अगं, मघाशी दिलीस ना?"

"मला काय वेड लागलंय?" म्हणत मी टोचलीच.

तासाभरात हे घामाने डबडबले, जीभ अडखळायला लागली. साखरपाणी पाजलं, रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. तिथल्या बाकावर बसून मी स्वतःला शिव्या देत होते. दोन दिवसांनी हे घरी आले. मुलगा म्हणाला, "आई, सुईसाठी आता नर्स ठेवू." त्याचं चुकलं नव्हतं, पण मला रडू फुटलं. बारा वर्षं ह्यांच्या दंडाला माझाच हात माहीत होता.

डॉक्टर माझ्या गाठींवर रागावल्या नाहीत. "गाठ मारा, पण ती दोघांची असू द्या. आणि शंका आली तर सुई नाहीच. आधी मला फोन."

नर्स तूर्त ठेवली नाही. तेव्हापासून साडी नेसली की मी पदराला गाठ मारते. सुई दिली की हे चाचपून ती सोडतात. गाठ नाही, तर सुई नाही.

काल सुई भरून ह्यांच्याजवळ गेले. अजून दिलेली नाही, याची मला शंभर टक्के खात्री होती. ह्यांनी पदर चाचपला. गाठ नव्हती.

"मघाशीच सोडली गं."

'मला काय वेड लागलंय' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. सुई बाजूला ठेवली आणि ह्यांच्यापुढे पोहे ठेवले.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर एवढंच सांगेन, वाद घालायच्या आधी पदर पुढे करा. कालची पहिली सुई मला अजूनही आठवत नाही. ह्यांना आठवते. आम्हा दोघांत मिळून तेवढं पुरतं.