कटनंतरचा शॉट

फणसवाडीतल्या जगदीश धामापूरकरला "आपला धंदा काय?" असं विचारायची सोय नव्हती. विचारणारा चहा गार होईपर्यंत अडकायचा. परळच्या एका स्टुडिओत चौथा असिस्टंट म्हणून क्लॅप मारण्यापासून त्यानं सुरुवात केली. मग थिएटराबाहेर विकतात ती गाण्यांची चोपडी लिहू लागला. गोष्ट ऐन रंगात आणून 'पुढे पडद्यावर पाहा' असं लिहून मोकळं होण्यात त्याचा हात धरणारा गिरगावात कोणी नव्हता. मग रहस्यकथा लिहिल्या. त्या कोणी छापेना, म्हणून स्वतःच प्रकाशक झाला. छापखाना बायकोच्या मामांचा, म्हणजे तात्यांचा, आणि खून सगळे जगदीशचे! चार पुस्तकं बरी खपली तेव्हा याला वाटलं, आपल्याला लोकांची नाडी कळते. झालं! दादरच्या एका इराण्याकडे कोपऱ्यातलं टेबल धरून हा पठ्ठ्या 'चित्रपट-सल्लागार' म्हणून बसायला लागला. आणि कमाल अशी, की लोक येत होते हो! रेशमी सदरेवाले निर्माते याच्यासमोर बसून "आमचं पिक्चर चालेल का?" म्हणून विचारत होते.

सल्ला सगळ्यांना एकच. "धक्का द्या. पब्लिकला गदागदा हलवा. आणि नटनट्यांना दचकायला सांगू नका, त्यांना खरोखर दचकवा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एका सिनेमात नायिकेला दचकणं काही केल्या जमेना, तेव्हा यानं तिच्या पाठीमागे गुपचूप जाऊन कपबश्यांचा अख्खा ट्रे फरशीवर आपटला होता. बाई किंचाळून मटकन खाली बसली आणि शॉट ओके झाला. ही हकीकत तो दादरभर सांगत फिरायचा. त्याची बायको सुनेत्रा एकदा म्हणाली, "ते सगळं खरं, पण नंतर ती बाई काय म्हणाली?" जगदीशला सांगता येईना. त्यानं विचारलंच नव्हतं.

सत्तावन्न साली तात्यांना पाझर फुटला आणि जगदीशला स्वतःचा सिनेमा मिळाला. गोष्ट बेचाळीसच्या चळवळीची. सेन्सॉरपुढे बेचाळीस म्हणायला बरं पडतं. पण खरा रोख कुठे आहे हे न कळायला मुंबईत कोणी दूधखुळं नव्हतं. वर्षभरापूर्वीच, छप्पन्नच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या होत्या. लालबाग-परळच्या चाळींतली कितीतरी घरं तेव्हापासून नीट बोलत नव्हती. भिंतींवर निवडणुकीचे रंग चढत होते, सभा गाजत होत्या, पण एखाद्या मोटारीचा टायर फुटला की गॅलरीतली बाई अजून पोराला आत ओढायची.

जगदीशच्या सिनेमात एक गोळीबार होता. त्यात गोळी लागून पडण्याचं काम दत्तारामकडे होतं. दत्ताराम डिलाईल रोडच्या चाळीतला, दिवसा गिरणीत, रात्री जलशात गाणारा, नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला, अंगानं सडसडीत गडी. नुसतं पडायचं काम मिळालं म्हणून तो जरा खट्टू झाला होता, तरी चाळीच्या गॅलरीत पडून पडून त्यानं कोपरं सोलून घेतली होती. शूटिंगसाठी लालबागची गल्ली त्यानंच शोधली आणि शोधल्यावर तोच कचरला.

"जगदीशराव, गेल्या साली तिथं खरी गोळी चाललीय. पोरगं गेलंय एक. आधी घरोघर जाऊन सांगू या."

"अरे, सांगितलं तर मग उरलं काय?" जगदीशचे डोळे चमकले. "कॅमेरा वरती लपवायचा, खाली कुणाला पत्ता नाही, आणि धाडकन पोलीस! काय चेहरे मिळतील, दत्ताराम! असे चेहरे स्टुडिओत मिळायचे नाहीत."

"मार मिळंल, तोबी स्टुडिओत मिळायचा नाही," दत्ताराम म्हणाला. पण आला.

सकाळची वेळ. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या गोधडीआड लवू कॅमेरामन दडून बसला, शेजारी जगदीश. भिंतीपलीकडे रिकाम्या पिंपात सुतळी बॉम्ब तयार. भाड्याच्या कपड्यांत दहाबारा एक्स्ट्रा, हातात लाकडी बंदुका. बेचाळीस काय नि सत्तावन्न काय, पोलिसांचा निळा डगला आणि पिवळी टोपी तीच होती. वेगळे कपडे शिवावे लागले नाहीत, म्हणून तात्या खूश झाले होते.

पोलीस गल्लीत शिरले. पिंपातले बॉम्ब फुटले. आणि अरे देवा, काय सांगावं! नळावरच्या बायका हंडे टाकून पळाल्या. दारं धडाधड लागली. एक म्हातारा पळता येईना म्हणून भिंतीला पाठ लावून नुसता हात जोडून उभा राहिला. दत्ताराम छातीवर हात दाबून गल्लीच्या मधोमध पडला, सदऱ्यावर लाल रंग पसरला. गोधडीआड जगदीश लवूच्या खांद्यावर बुक्क्या मारत होता. "घे, घे, सोडू नकोस!"

तेवढ्यात जिन्याच्या पायरीवर म्हावऱ्याची पाटी घेऊन बसलेली एक कोळीण उठली. सगळी दुनिया आत पळत असताना ही बाई बंदुकांच्या दिशेनं चालत आली. तिनं पोलिसांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दत्तारामपाशी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या छातीवरच्या लाल डागावर आपला तळवा गच्च दाबून धरला. रक्त थांबवायला धरतात ना, तसा. ओरडली नाही, रडली नाही. नुसती दाबत राहिली.

जगदीशच्या अंगावर काटा आला. आनंदाचा. खोटं कशाला बोला, आनंदाचाच. असा शॉट जन्मात एकदा मिळतो! पुरता मिळाल्यावर तो गोधडी बाजूला सारून ओरडला, "कट!"

दत्ताराम उठून बसला. कावराबावरा होऊन म्हणाला, "आई, मला काय झालं नाही. खोटं हाय. रंग हाय हा."

बाईनं तळवा पाहिला. दत्तारामकडे पाहिलं, त्याच्या हलणाऱ्या छातीकडे पाहिलं. मग मान वर करून गॅलरीतल्या जगदीशकडे पाहिलं.

"तू वरडलास नि ह्यो उठला," ती म्हणाली. "माजा विठोबा हितंच पडला व्हता. त्या दिशी कुठं व्हतास रं तू?"

जगदीश गोधडी तशीच टाकून धावत जिना उतरला. मग दारं उघडली, माणसं बाहेर आली, काय चाललंय ते त्यांना उमगलं आणि निळ्या डगल्यातल्या एक्स्ट्रांची जी धुलाई झाली ती विचारू नका. जगदीशलाही दोन बसल्या. त्या त्याला लागल्याच नाहीत.

बाईचं नाव पुतळाबाई. शिवडीच्या कोळीवाड्यातली. आईची जड पाटी घरी न्यायला म्हणून विठोबा त्या दिवशी लालबागला आला होता, तेवढंच त्याचं चुकलं. हे जगदीशला दत्तारामनं गिरगावला परतताना टॅक्सीत सांगितलं.

दादरच्या छोट्या थिएटरात रशेस, म्हणजे घेतलेले कच्चे शॉट, पाहिले तेव्हा तात्या खुर्चीतून उठले. "जग्या, ही बाई कोण रे? सोनं आहे सोनं! पोस्टरवर हिलाच टाकू."

"तात्या, हा शॉट कापायचाय."

"काय?" तात्यांना वाटलं, हा चेष्टा करतोय. "आयुष्यभर जगाला धक्का धक्का करून सांगितलंस. आता मिळालाय तर कापतोस? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"तिचा मुलगा गेलाय तिथं. आपण तिला फसवलं, तात्या."

तात्या माणूस वाईट नव्हता, पण पैसा त्यांचा अडकला होता. शेवटी ते म्हणाले, "तिचा होकार आण. हो म्हणाली तर शॉट राहील. नाही म्हणाली तर मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

जगदीश शिवडीला गेला. दारात जाळं विणत बसलेल्या पुतळाबाईनं त्याला ओळखलं, पण बस म्हटलं नाही. त्यानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "आधी दाव मला. काय घेतलंय माजं, ते बघू तरी."

तिला दादरला आणलं. दत्तारामही आला. दिवे गेले, पडद्यावर गल्ली आली. स्वतःला एवढं मोठं पाहून माणूस दचकतं. ही दचकली नाही. पदराचं टोक मुठीत धरून पाहत राहिली. पोलीस शिरले, दत्ताराम पडला, तिचा तळवा त्याच्या छातीवर आला. पडदा पांढरा झाला आणि दिवे लागले.

"मावशी, तुम्ही नको म्हणा," जगदीश घाईघाईनं म्हणाला. "आत्ता कापतो."

"फुडचं कुठंय?"

"पुढचं म्हणजे?"

"ह्यो उठला ते."

जगदीश गोंधळला. "ते नसतं, मावशी. कट म्हटलं की कॅमेरा बंद होतो. उठलेलं आम्ही घेत नाही."

पुतळाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. तिला खरंच कळेना. "म्हंजे पडलेलं तेवढं ठेवता? नि माणूस उठला की बंद करता? कसला रं धंदा ह्यो तुमचा!"

इतकी पुस्तकं लिहिली, छापली, इतक्यांना अक्कल शिकवली, पण हा प्रश्न जगदीशला कधी कुणी घातला नव्हता. तो हबकला.

"मला उठलेलं बगायचंय," पुतळाबाई म्हणाली. "तितंच. मग तुज्या त्या पडलेल्याचं काय करायचं ते सांगन."

तात्यांना वाटलं, आता दोघंही वेडे झाले. पण होकार हवा होता, म्हणून त्यांनी फिल्म दिली.

या वेळी जगदीश आणि दत्ताराम आधी घरोघर गेले. शिव्या खाल्ल्या. एका बाईनं जगदीशच्या तोंडावर दार लावलं; तो दाराबाहेर उभा राहून सांगत राहिला. ठरल्या सकाळी अख्खी गल्ली गॅलऱ्यांत उभी होती. पोलीस नाहीत, बंदुका नाहीत, बॉम्ब नाहीत. कॅमेरा खाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दत्तारामनं तोच लाल डागाचा सदरा घातला आणि तो त्याच जागी आडवा झाला.

"मी सांगू त्याला उठायला?" जगदीशनं विचारलं.

"नको. मी सांगन."

पुतळाबाई जवळ जाऊन उभी राहिली. मग तिनं हाक मारली. दत्तारामला नाही.

"विठोबा! ऊठ रं. उन्हं आली."

दत्तारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मेलेल्याच्या डोळ्यांतून वाहू नये तसं. तो हळूहळू उठला, गुडघ्यावर आला, उभा राहिला. तिच्यापुढे मान खाली घालून थांबला.

पुतळाबाईनं हात उचलला. त्याच्या गालाला लावला. चेहरा नीट न्याहाळला.

"ह्यो नव्हं," ती म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली, की गॅलरीतल्यांना ऐकूही गेलं नसेल. लवूनं मात्र कॅमेऱ्यावरचा हात काढला. जगदीशला कट म्हणायचं सुचलंच नाही. त्याला वाटलं होतं, आपण हिला काहीतरी परत देतोय. आपल्याला जमतं ते सगळं करून, निदान एवढं तरी. आणि आता त्याच्या लक्षात आलं, की आपण या बाईचा पोरगा आज दुसऱ्यांदा घालवला.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "ते पडलेलं कापून टाकतो."

"टाक."

"आणखी काय करू? सांगा, काय म्हणाल ते करतो."

"काय नको करूस." ती पायरीवर जाऊन बसली. शेजारची जागा पदरानं झाडली. "बस हितं."

जगदीश बसला. गॅलऱ्यांतली माणसं हळूहळू आत गेली. दत्ताराम नळावर सदरा धूत होता. पुतळाबाई समोर बघत होती.

"माजा विठोबा म्हावरं खाईत नसं, ठावं हाय?" ती एकदम म्हणाली. "कोळ्याचा पोर नि म्हावरं खाईत नसं! वास आला की नाक धरून पळायचा. सगळा कोळीवाडा हसायचा."

आणि ती स्वतःच हसली, खळखळून, तोंडाला पदर लावून. जगदीशलाही हसू आलं. मग काय झालं कुणास ठाऊक, हसता हसता तो हमसून हमसून रडायला लागला. पुतळाबाईनं त्याला थांबवलं नाही. ती विठोबाचं पुढचं सांगत राहिली.