रस्ता शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण

तो शुक्रवार मला आजही आठवतो. मी आदिलाबादेत सर्कल इन्स्पेक्टर होतो, निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी उघडली, तोच तलमडुगूकडच्या एका गावातल्या शिक्षिका समोर येऊन बसल्या.

"साहेब, माह्या भावाले दिसत नाई. येत्या सोमवारपासून त्याले इचोड्याच्या दुकानात पॅकिंगचं काम लागून राह्यलं. दुकान हायवेच्या पलीकडं. रस्ता ओलांडाले शिकवाले संस्थेचा माणूस येनार. तो काल घरी आलता. त्याले काईच येत नाई साहेब! ढोरासारखं ओढत नेलं त्यानं भावाले."

"मग संस्थेला सांगा ना, ताई."

"सांगितलं. म्हनते, सर्टिफिकेट हाय त्याच्याजवळ. आन् भावाले कळू देऊ नका मी आलती म्हनून. दोन वर्षांपासून कामाची वाट पाहून राह्यला तो."

दिव्यांगांना काम शिकवायचं, कामावर लावून द्यायचं आणि पहिले काही दिवस सोबत राहायचं, अशी माणसं तयार करण्यासाठी त्या संस्थेला सरकारी अनुदान मिळालं होतं. तीन महिन्यांचं प्रशिक्षण कागदोपत्री पूर्ण झालेलं होतं. बाईंचं म्हणणं, ते झालंच नाही. इचोड्याजवळच्या हायवेच्या वळणावरचे पंचनामे मी स्वतः केलेत. ट्रकखाली सापडलेली डोळस माणसं पाहिलीत. त्यामुळे बाई गेल्या तरी मला चैन पडेना.

दुपारी संस्थेत गेलो. संचालक गोड माणूस. चहा मागवला, रजिस्टरं काढून दिली, फोटो दाखवले. "साब, सब रिकॉर्ड में है." खरंच सगळं होतं. चार प्रशिक्षित कार्यकर्त्यांना ठाण्यात बोलावून वेगवेगळं बसवलं. चौघांचा जबाब एकच, शब्दाचाही फरक नाही. खऱ्या घटनेचे चार साक्षीदार चार गोष्टी सांगतात, हे हवालदारालाही कळतं. पण तेवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही. उद्या परत या म्हणून चौघांना सोडलं. मनात मात्र सोमवार ठाण मांडून बसला होता.

शनिवारी सकाळी तो भाऊच ठाण्यात हजर झाला, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसून. गावात गोष्ट लपते थोडीच. पायऱ्यांवर आमच्या कॉन्स्टेबलने त्याचं मनगट धरून ओढलं आणि तो ठेचकाळला.

"हात सोडा! कोपर द्या तुमचं. मी धरतो, तुमी अर्धं पाऊल पुढं चाला," तो ओरडला. मग माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाला, "साहेब, माह्या कामात आडवे काऊन येऊन राह्यले तुमी?"

मी त्याला बसवलं. कोपराचं काय ते विचारलं.

"अंधशाळेत पह्यल्याच दिवशी शिकवते. धरून नेलं का माणूस आंधळ्याले ढकलतेच. आमीच धरलं का पायरी, खड्डा, सारं कळते."

"या लोकांच्या प्रशिक्षणातही शिकवत असतील?"

"पह्यलंच."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. त्याला म्हटलं, भाऊ, ते चौघं कार्यकर्ते आज परत आलेत, एकेक जण तुम्हाला फाटकापासून या खुर्चीपर्यंत आणेल. त्याने आधी एकच विचारलं.

"ते शिकलेले निघाले तर सोमवारी जाऊ द्याल मले?"

"देईन."

पहिल्याने मनगट धरलं. दुसऱ्याने पाठीत हात घालून रेटलं. खरं सांगतो, तिसऱ्याच्या वेळी मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो की याने तरी कोपर पुढे करावं. त्याने दंड धरला. दरवेळी त्या भावाचा चेहरा उतरत गेला. चौथा फाटकाशी आला आणि तिथेच थांबला. त्याला पुढे जाववेना.

"साहेब, दोनच दिवस झालं जी ट्रेनिंग," तो रडायलाच लागला. "शर्ट बदलू बदलू फोटो काढले आमचे. सर्टिफिकेट घ्या आन् गप बसा म्हनले. मलेही नोकरी पाह्यजे होती."

त्याच दिवशी गुन्हा दाखल झाला. संचालकाला अटक झाली, आरोपपत्र वेळेत गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. अनुदान अर्थातच थांबलं. दुकानदाराने काही दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला.

जबाब ऐकण्यापेक्षा माणसाला काम करून दाखवायला लावावं, हे या प्रकरणाने मला शिकवलं आणि नव्या अधिकाऱ्यांना मी ते ऐटीत सांगतही असे. दुसरी गोष्ट शिकलो ती सांगायला जीभ रेटत नाही. आरोपपत्रात फसवणूक झाली होती सरकारची. तो भाऊ साक्षीदारांच्या यादीत होता, तोही शेवटी.

साक्षीच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. बहीण सोबत होती. मी पुढे होऊन नमस्कार केला. आवाज ओळखून तो हसला.

"साहेब, चोर तं पकडला तुमी. त्या सोमवारी मेलो असतो मी, हेही खरं हाय. पन मले रस्ता कोन शिकवन आता?"

मी घड्याळ पाहिलं. आत माझं नाव पुकारलं म्हणालो आणि तिथून निघालो. नाव अजून कोणी पुकारलं नव्हतं.