बाबांचे मऊ तळाचे बूट
नव्या रबराचा वास आला की मला आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडची ती चढण आठवते. जन्मभर पातळ चपला घालून जंगलातली लाकडं वाहून बाबांची कंबर धरली होती. चप्पल टाका, जाड मऊ तळाचे बूट घाला, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून पहिल्या पगारात मी ते गोंदियातून आणले. महाशिवरात्रीच्या यात्रेला बाबा तेच घालून निघाले आणि पायथ्यापर्यंत अगदी ताठ, ऐटीत चालले. मी पुढे चढत होतो. वळून पाहिलं तर बाबा अनवाणी, एक हात कंबरेवर आणि दुसऱ्या हातात बूट! मी सगळ्यांदेखत खेकसलो, "बाबा, कायले काढले?" ते शांतपणे म्हणाले, "गोट्यावर झिजतीन ना! पाय थोडेच झिजतेत?" आणि शर्टाच्या टोकाने बूट पुसू लागले. गड उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. बाबा गेले तेव्हा खोक्यातल्या त्या बुटांच्या तळाची नक्षी जशीच्या तशी होती. आता माझीही कंबर दुखते. परवा तसेच बूट घेतले, घालूनच दुकानातून निघालो, आणि फुलचूरच्या रस्त्यावर खडी लागताच नकळत वाकून नाड्या सोडू लागलो.