शेजारचा कान

फौजेतून निवृत्त झालेले माझे मामा जेवताना डावी बाजू भिंतीकडे करून बसतात. त्या बाजूचा कान फौजेतच गेला, ऐकू येत नाही. परवा मी कारण विचारलं.

"रायफलच्या नळीच्या तोंडाशी भोकांची टोपी बसवतात. गोळी पुढे जाते, जळलेल्या दारूचा वायू भोकांतून मोठ्या आवाजाने बाजूला फुटतो. मग खांद्याला धक्का कमी बसतो."

"मग कान कसा गेला?"

"गोळी झाडणारा दुसरा होता. मी त्याच्या शेजारी पालथा पडून दुर्बिणीतून नेम सांगायचो."

मामांनी शांतपणे भात कालवला. नोकरीतले धक्के मी हूं की चूं न करता सोसले, असं सगळे म्हणतात. बायको तेवढी तसं कधी म्हणाली नाही. ती इतकी वर्षं माझ्या शेजारी होती.