बर दुबईत, बाबांची खाडीकाठची खोली शोधताना

"मला ते बुर्ज-बिर्ज काही दाखवू नकोस. ह्यांची खोली दाखव," आई चिपळूणहून आली त्याच दिवशी म्हणाली.

'ह्यांची' म्हणजे बाबांची. बाबांनी दुबईत सतरा-अठरा वर्षं काढली, एका ट्रेडिंग कंपनीच्या गोदामात. मी नोकरीसाठी इथे आले तोवर ते कायमचे घरी परतले होते, आणि मागच्या वर्षी गेले. आईला त्यांनी एकदाही इथे आणलं नाही. 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं. खोली मात्र आम्हाला तोंडपाठ होती: खाडीकाठी, दुसऱ्या मजल्यावर, एकट्याची, खिडकीतून बोटी दिसणारी. "तू आलीस तर कंपनी खोली काढून घेईल," असं ते आईला सांगायचे. आईच्या मते त्याचा अर्थ एकच होता. त्यांना तिथे बायको नको होती.

तर एका शनिवारी सकाळी आम्ही दोघीच निघालो. नवरा आणि मुलगी घरी राहिले. ("मॉम, इट्स जस्ट ओल्ड बिल्डिंग्ज," हे आमच्या कन्येचं मत.) जाणाऱ्यांसाठी सांगते: नोव्हेंबर ते मार्चमध्येच जा, आणि उन्हं चढायच्या आत. आम्ही जुमेरा लेक टॉवर्सला राहतो, तिथून मेट्रोची लाल लाईन पकडायची, बुरजुमानला हिरवी घ्यायची. गाईडची गरज नाही. फोनवरचा नकाशा आणि आरामाच्या चपला पुरेत.

सुरुवात अल फहिदीपासून केली. जुनं दुबई म्हणतात ते हे. इंग्रजांची इथे उघड वसाहत नव्हती, पण अधिकार त्यांचाच चाले, आणि त्या काळात बाजारात आपला रुपया चालायचा. हे सांगितल्यावर आई पहिल्यांदा हसली. "म्हणजे माझ्या पाकिटातले चालले असते!" गल्ल्या इतक्या अरुंद की दोघी शेजारी चाललो तर खांदे घासत होते. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या, मातकट रंगाच्या भिंती. घरांवर वारा खाली ओढून आणणारे चौकोनी मनोरे, एसी नव्हते तेव्हाची सोय. इराणकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही घरं बांधली. आता त्यांत गॅलऱ्या आणि कॅफे आहेत. गल्ल्यांत फिरायला तिकीट नाही.

एका अंगणातल्या कॅफेत आम्ही चहा घेतला. आई चारी बाजूंनी बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

"छान आहे की," ती म्हणाली. "असल्या ठिकाणी राहत होते. आणि मी तिकडे पुराच्या पाण्यात तुम्हा दोघा भावंडांना माळ्यावर चढवत होते."

"आई, बाबा इथे नव्हते गं. त्यांची बिल्डिंग पलीकडे, कापडबाजाराच्या मागे."

"खाडी तीच ना?"

खाडी तीच होती. अल फहिदीतून बाहेर पडून पाण्याच्या कडेने चालत गेलं की अब्रांचा धक्का लागतो. अब्रा म्हणजे लाकडी होड्या, पलीकडे देराला सोडतात. एक दिरहम, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. जमलं तर नक्की बसा. आम्ही बसलो नाही. त्यांच्या इंजिनांची फटफट ऐकून आई कठड्याजवळ थांबली होती.

"हाच आवाज," ती म्हणाली. "फोनवर यायचा. 'खिडकीत उभा आहे, ऐक बोटी' म्हणायचे. मला ऐकवायचे!"

पुढे देवाचं दर्शन घेऊ असं तिच्या मनात होतं, पण इथलं जुनं देऊळ आता जबेल अलीला हललंय. गल्लीत फुलांची आणि पूजेच्या सामानाची दुकानं तेवढी उरली आहेत. तिने मोगऱ्याचा गजरा घेतला आणि माळला नाही, पर्समध्ये टाकला.

कापडबाजारात लाकडी छपराखालून चालताना "दीदी, पश्मीना! माताजी, देखो तो सही!" अशी ओरड दोन्हीकडून चालू असते. भाव निम्म्याने पाडून मागायला लाजू नका. आम्हाला मात्र इस्माईलभाईंचं शिलाईचं दुकान हवं होतं. हे मूळचे दापोलीचे, बाबांचे इथले मित्र. बाबा गेले तेव्हा त्यांचा फोन आला होता, नंबर आईकडे होता. मी आधी कळवलं होतं.

इस्माईलभाई दारातच उभे होते. पांढरी दाढी, गळ्यात मेजरटेप. आईला बघून त्यांचे डोळे भरले. "भाभी, किती उशिरा आलात," ते म्हणाले. मग स्टुलं पुसली, चहा सांगितला, बाबांच्या हातच्या कुळथाच्या पिठल्याची आठवण काढली. बाबा स्वयंपाक करायचे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"खोली बघायची होती त्यांची," आई म्हणाली.

इस्माईलभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "काय बघायचं आता त्यात? खलास झालं सगळं. तुम्ही रोल्लाला चला माझ्या घरी, जेवायला. माझी बायको वाट बघते."

"जेवू नंतर. आधी खोली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, इमारत पाडली असेल. पण इमारत उभी होती. बाजाराच्या मागच्या गल्लीत, आतल्या बाजूला. तिथून खाडी दिसत नव्हती. जिन्यात शिळ्या तेलाचा वास, दारांबाहेर चपलांचे ढीग. दुसऱ्या मजल्यावर इस्माईलभाईंनी दार वाजवून आत कुणाशी तरी हिंदीत बोलून घेतलं. दोन मुलगे अंगावर शर्ट घालत बाहेर येऊन उभे राहिले. "आओ आंटी," एक जण म्हणाला.

खोलीत दुमजली लोखंडी पलंग होते. मधे एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढीच वाट. प्रत्येक पलंगाला दोरीवर चादरीचा पडदा, दोन पडद्यांआड अजून कुणी झोपलेलं. एकच खिडकी, तीही एसीने पूर्ण बुजलेली.

"आम्ही दहा जण होतो," इस्माईलभाई म्हणाले. "तो कोपऱ्यातला वरचा त्याचा. मी खाली."

आई त्या पलंगाजवळ गेली. वरच्या गादीवर तिने हात ठेवला. ती गादी आता दुसऱ्याच कुणाची होती, उशाशी चार्जर लटकत होता.

"आणि बोटी?" तिने विचारलं. "मला बोटी ऐकू यायच्या."

इस्माईलभाईंनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली. मग म्हणाले, "भाभी, तो फोन करायला धक्क्यावर जायचा. उन्हाळ्यातसुद्धा. मी म्हणायचो, अरे, इथूनच कर. म्हणायचा, तिला बोटी ऐकू जाऊ देत. घरी कळता कामा नये. माझ्याकडून शपथ घेतली होती."

आई वळली आणि जिना उतरून गेली. मी धावत मागे गेले. ती गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"घरी आल्यावर सहा वर्षं माझ्यासमोर बसले होते," ती म्हणाली. "मी त्यांना 'दुबईचे शेठ' म्हणायचे. पाहुण्यांसमोर. ताट वाढून निघून जायचे, कधी शेजारी बसले नाही. हे एक शब्द बोलले नाहीत गं. नुसते हसायचे."

"त्यांना तुझ्या नजरेत—"

"गप्प बस. मला काही सांगू नकोस."

मी शेजारी बसले. इस्माईलभाई खाली येऊन थोडे लांब उभे राहिले. पर्यटकांचा एक घोळका वाट चुकून गल्लीत शिरला, फोटो काढून निघून गेला. आई रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. रोल्लाला जेवायला आम्ही गेलो नाही. इस्माईलभाईंनी टॅक्सी थांबवून दिली आणि दार लावताना म्हणाले, "मी सांगायला नको होतं." आईने त्यांना हात जोडले.

संध्याकाळी आई बाल्कनीत बसून होती. समोरच्या टॉवर्सचे दिवे लागले. मुलीने विचारलं, "आजी, हाउ वॉज इट?" आई म्हणाली, "बरं होतं बाळा." दोन दिवसांनी तिने तिकीट बदलून मागितलं. मी खूप समजावलं, रागावलेसुद्धा. ती ठरलेल्या मुक्कामाच्या निम्म्यावरच परत गेली.

हा ब्लॉग वाचून तुम्ही जाल, तर जागा खरंच सुंदर आहे. अर्ध्या दिवसात आरामात बघून होते. पण तुमच्या घरातलं कुणी तिथे राहिलं असेल आणि आता नसेल, तर मागच्या गल्लीत जावं की जाऊ नये, हे मला सांगता येणार नाही. मी आईला नेलं नसतं तर तिच्याकडे निदान तिचा राग राहिला असता. त्यावर ती इतकी वर्षं जगली होती. मी तोही काढून घेतला, आणि बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

काल तिला फोन केला. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, भूक नाही. ठेवू का, असं मी म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ह्यांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवलाय. हसरा आहे ना तो. माझ्याच्याने बघवत नाही."