उनाचं गाणं

सायवीनकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. खडकांच्या फटीतून बटाटे काढायची जमीन, दोन गाई, आणि फेस्टी नावाचा नवरा, ज्याला ती दिवसातून दोनदा तरी निकामी ठरवायची. पण तिच्याकडे एक गाणं होतं. तिच्या आईनं, उनानं, होडीसकट बुडालेल्या नवऱ्यावर रचलेलं. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात गाण्याला मालक असतो. सायवीन खोलीत असताना ते गाणं दुसऱ्या कुणी तोंडातून काढायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "सायवीन, उनाचं होऊ दे," असं कुणी म्हटलं की ती तीनदा नाही म्हणायची, चौथ्यांदा डोळे मिटायची. मग शेजारचा माणूस तिचा हात हातात घेऊन रहाटासारखा हळूहळू फिरवत राहायचा. गाणाऱ्याला तेवढाच आधार.

अशात डीलिया बोस्टनहून परत आली. चौतीस वर्षांनी, नवे दात आणि साईच्या रंगाचा कोट घेऊन. पहिल्याच रविवारी ती चर्चमध्ये गायली आणि फेस्टी घरी येईपर्यंत मान हलवत होता.

"काय गळा आहे गं बाईचा."

"मग तिच्याकडेच जा चहाला. चुलीवर बोस्टनचं आधण असेल."

सायवीनच्या पोटात दुखत होतं ते कोटावरून नव्हे. अठराव्या वर्षी ती डब्लिनला एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला गेली होती, तीन हिवाळे. तेव्हा शेजारची डीलिया उनाची गाय पिळायची, तिचे केस विंचरायची. सायवीन परत आली त्या संध्याकाळी आईनं आतून हाक मारली, "डीलिया, पाणी दे गं." सायवीननं पाणी दिलं. ही गोष्ट तिनं आजवर कुणालाही, फेस्टीलाही, सांगितलेली नव्हती. पुढं डीलिया अमेरिकेला निघाली तेव्हा आई धक्क्यावर उभी राहून जी रडली, तसं सायवीनसाठी रडलेली कुणी पाहिलं नव्हतं.

होड्यांच्या शर्यतीचा दिवस आला. शर्यतीनंतर दुपारी सगळं गाव कोलमनच्या पबमध्ये जमतं आणि गाणी होतात.

"माझं डोकं दुखतंय. मी येत नाही," सायवीन म्हणाली.

"अगं, सकाळी तर ठणठणीत होतीस."

"तू जा. तिथं गळेवाल्या बाया आहेत ना."

फेस्टी गेला. सायवीननं धुतलेला एप्रन बांधला, केस नीट केले आणि दाराकडं तोंड करून बसली. तिच्याशिवाय शर्यतीचा दिवस अळणी होईल, मग दोघं-तिघं बोलवायला येतील, ती दोनदा नाही म्हणेल, असा तिचा हिशेब. रागाच्या भरात ती एवढंच विसरली, की ती खोलीत असेल तरच गाणं तिचं. घरी रुसून बसलेल्या बाईचं गाणं कुणीही गावं.

चार वाजले तरी कुणी फिरकलं नाही. शेवटी चहापत्ती संपल्याचं निमित्त करून ती निघाली; वाणसामानही कोलमनच्या पबातच मिळायचं. कोलमनची खिडकी उघडी होती आणि आतून उनाचं गाणं येत होतं. डीलिया डोळे मिटून गात होती, आणि तिचा हात फेस्टी फिरवत होता. स्वतःचा नवरा. सायवीनच्या अंगाची लाहीलाही झाली. पाचवं कडवं संपलं. गाणं तिथंच संपतं. पण डीलिया थांबली नाही.

"शहरात गेलीस माझ्या लेकी, तुझं ताट मी रोज मांडते..."

सायवीननं दार ढकललं. डीलियानं डोळे उघडले, तिला पाहिलं आणि ओळ अर्ध्यावर सोडली. फेस्टीनं चटका बसल्यासारखा हात सोडला.

"थांबलीस का?" सायवीन म्हणाली.

"तू आलीस ना. तुझं गाणं आहे."

"हे कडवं माझं नाही. मला कुणी शिकवलं नाही."

"तुझंच आहे गं. तू डब्लिनला होतीस तेव्हा उनाकाकूनं रचलं. रोज संध्याकाळी म्हणायची. मला म्हणाली, हे सायवीनच्या कानावर जाऊ देऊ नकोस, काम सोडून पळत येईल. आणि तू आल्यावर तिची तिलाच लाज वाटायला लागली. मला वाटलं, पुढं कधीतरी तिनं तुला दिलं असेल."

मरेपर्यंत दिलं नव्हतं. एवढी वर्षं ते कडवं बोस्टनमध्ये होतं, त्या कोटवालीच्या तोंडात.

"मग पुढचं म्हण," सायवीन म्हणाली.

डीलियानं मान हलवली. "तू बसलेली असताना? मला नाही जमायचं."

सायवीननं सगळ्यांकडं पाहिलं. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

"मी कुठं बसलेय? मी चहापत्तीला आले होते," ती म्हणाली, आणि चहापत्ती न घेताच बाहेर पडली. दार तिनं ओढलं, पण पुरतं लावलं नाही.

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आत डीलियानं कडवं पहिल्यापासून घेतलं, पबला लागेल त्याहून जरा मोठ्यानं. गळा खरंच गोड होता मेलीचा. सायवीन जळत होती आणि एकेक शब्द गोळा करत होती, आणि एप्रनच्या खिशात तिचा हात आपोआप फिरत होता.